धुतलेल्या ड्राय रॉकवर पुन्हा पुन्हा हिरवं शेवाळ येतंय? आधी दगडातलं फॉस्फेट मोजा

तक्रार साधारण अशी असते. ड्राय रॉक, म्हणजे चुन्याचा कोरडा, भोकाभोकांचा दगड, घासला, धुतला, उन्हात वाळवला आणि खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टाकीत रचला. पहिले तीन-चार आठवडे छान गेले. मग दगडाच्या वरच्या कडांवर हिरवी लव दिसायला लागली आणि पंधरा दिवसांत तिचे बोटभर लांब केस झाले. हाताने उपटले, ब्रशने घासले, पाणी बदललं, दिव्याचे तास कमी केले. आठ-दहा दिवस बरे गेले की पुन्हा तेच. टेस्ट किट मात्र फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं खाद्य, जवळजवळ शून्य दाखवतं. मग दोष कधी दिव्यावर जातो, कधी खाद्यावर, कधी मिठावर.

माझ्या टाकीत हे सहा महिने चाललं होतं. टाकी तीन फुटी, साधारण 190 लिटरची, डोंबिवलीच्या घरातली. रॉक 20 किलो, हौस सोडलेल्या एका गृहस्थांकडून घेतलेला. घेताना मी विचारलं होतं, "हा नीट साफ आहे ना?" ते म्हणाले, "अहो ताई, दोन वर्षं गच्चीवर पडलाय, उन्हात भाजून निघालाय. आत काय राहणार आता?" त्यांनी मला फसवलं असं मी मुळीच म्हणणार नाही, त्यांचा खरंच तसा समज होता आणि माझाही होता. हा समजच या सगळ्या त्रासाचं मूळ आहे.

उन्हाने दगडातले जीव मरतात आणि वाळतात. वाळलेला स्पंज, किडे, शेवाळ सगळं तिथेच भोकांत चिकटून राहतं आणि पाणी मिळालं की कुजायला लागतं. फॉस्फेट तर उन्हाने हलतही नाही, कारण ते उडून जाणारं द्रव्य नव्हे. हे दगड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्याच्या पृष्ठभागाला फॉस्फेट धरून ठेवायची सवय असते. आधीच्या मालकाने चार-पाच वर्षं माशांना जे खाऊ घातलं, त्यातलं बरंचसं फॉस्फेट दगडाने आपल्या अंगात साठवलेलं असतं. पाण्यातलं फॉस्फेट वाढलं की दगड ते घेतो आणि कमी झालं की सोडतो. पाणी बदलून फरक का पडत नाही, ते यावरून कळतं. आपण पाणी स्वच्छ करतो आणि दगड ते परत भरून काढतो.

खरंच दगडच कारण आहे का, हे कसं ओळखायचं

शेवाळ भरात असताना घेतलेल्या टेस्टवर विसंबू नका. दगडातून सुटणारं फॉस्फेट शेवाळ लगेच खाऊन टाकतं, त्यामुळे पाण्यात ते दिसत नाही. माझ्या टाकीत शेवाळ असताना आकडा 0.04 पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) यायचा आणि मी निर्धास्त असायचे. एका रविवारी सगळे दगड बाहेर काढून एकूण एक केस उपटले. चार दिवसांनी मोजलं तर 0.32. अर्धं पाणी बदललं, आकडा हिशेबाप्रमाणे 0.16 वर आला. पाच दिवसांनी पुन्हा 0.29. त्या पाच दिवसांत दोन क्लाउनफिशांना मी चिमूटभरच खाद्य घातलं होतं, तेवढ्याने 190 लिटर पाण्यात एवढी वाढ होत नाही. ही चाचणी तुमच्या टाकीतही करून बघा. शेवाळ काढा, अर्धं पाणी बदला, आठवडाभर एक दिवसाआड मोजा. आकडा जुन्या जागी परत सरकत असेल तर कारण दगड किंवा वाळू आहे.

इथे एक चूक फार होते. काही डिजिटल मीटर फॉस्फेट न दाखवता फॉस्फरस दाखवतात, आणि तोही पीपीबीमध्ये, म्हणजे पीपीएमच्या हजाराव्या भागात. त्या आकड्याला 3.066 ने गुणायचं आणि 1000 ने भागायचं, म्हणजे फॉस्फेटचे पीपीएम मिळतात. मीटरवर 40 दिसलं की फॉस्फेट साधारण 0.12 पीपीएम असतं. 40 म्हणजे 0.04 असं वाचणारे बरेच जण मी पाहिलेत.

दुसरी शक्यता पाण्याची. घरच्या पिण्याच्या आरओला बहुतेक वेळा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) वाढवणारा कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असतं, त्यामुळे त्याचं पाणी 40-80 टीडीएसचं येतं. टाकीसाठी मागे डीआय रेझिन (उरलेले क्षार धरून ठेवणारे दाणे) लावलेला आरओ हवा आणि मीटरवर शून्य दिसायला हवं. उन्हाळ्यात टँकरचं किंवा बोअरचं पाणी सुरू झालं की मेम्ब्रेन आणि रेझिन लवकर संपतात, तेव्हा आठवड्याला टीडीएस बघाच. पण पाणी शून्य टीडीएसचं असूनही वरच्या चाचणीत आकडा चढत असेल तर आरओच्या मागे लागून उपयोग नाही.

माझी शंका पुरती फिटली ती एक दगड फोडल्यावर. नारळाएवढा तुकडा, बाहेरून पांढरास्वच्छ. गोणपाटात गुंडाळून हातोडीचे दोन घाव घातले. आत करंगळी जाईल एवढी पोकळी निघाली, तिच्या भिंतीला तपकिरी, भुसभुशीत थर होता, नखाने ओढला तर जुन्या फोमसारखा निघून येत होता. तो वाळलेला स्पंज. शेजारी किड्याची बारीक पांढरी नळी, तिच्यात काळा गाळ. वाटीभर कोमट पाण्यात तो तुकडा टाकून झाकून ठेवला. दुसऱ्या दिवशी आई बाहेरूनच म्हणाली, "काय गं, सुकट भिजत घातलीस का?" नाकाची ही परीक्षा अगदी साधी आणि भरवशाची आहे. कोणताही जुना रॉक विकत घेण्याआधी एक तुकडा डब्यात पाण्यात चोवीस तास झाकून ठेवा. सुकटीचा किंवा सडक्या अंड्याचा वास आला तर आत माल आहे. वास नाही आला तरी फॉस्फेट असू शकतं, ते मोजूनच कळतं.

आधी हे करू नका

दगड उकळू नका. ओव्हनमध्ये, चुलीवर भाजू नका. वाफेच्या किंवा जोरदार फवाऱ्याच्या यंत्राने घरात धुऊ नका. जुन्या दगडावर झोअँथिड (प्रवाळाचे फुलासारखे दिसणारे नातलग), विशेषतः पॅलिथोआ जातीचे जीव असू शकतात, आणि त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं अत्यंत जहाल विष असतं. साध्या उष्णतेने ते सहज नष्ट होत नाही आणि वाफेच्या तुषारांबरोबर श्वासात जातं. 2018 मध्ये इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरमध्ये एका घरात टाकीतला प्रवाळाचा दगड बाहेर काढून साफ करताना असंच झालं. घरची माणसं आणि मदतीला आलेले अग्निशमन दलाचे जवानसुद्धा रुग्णालयात गेले. म्हणून जुन्या दगडाला हात लावताना रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. हातावर जखम असेल तर त्या दिवशी काम ठेवून द्या.

आणि ब्लीच व ॲसिड कधीही एकत्र येऊ देऊ नका. एकाच बादलीत तर नाहीच, पण ब्लीचमधला दगड नीट न धुता ॲसिडमध्येही टाकू नका. दोन्ही भेटले की क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जीव घेऊ शकतो.

ब्लीच

माझ्या मते जुन्या रॉकसाठी ही पायरी चुकवूच नये. बाकी काही झालं नाही तरी हे करा. ब्लीच आतलं सेंद्रिय द्रव्य जाळून टाकतं, शिवाय कुठे एप्टेशिया नावाचा उपद्रवी समुद्री जीव लपला असेल तर तोही जातो. बिनवासाचं, साबण नसलेलं साधं ब्लीच घ्या. बाटलीवरची तारीख बघा, कारण आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुकानात सहा-आठ महिने पडलेलं ब्लीच बरंच कमजोर झालेलं असतं. मी प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये एकास दहा असं नळाच्या पाण्यात मिसळलं, आत एक जुना पावरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) सोडला आणि ड्रम बाल्कनीत ठेवला. पावरहेड महत्त्वाचा आहे. नुसतं भिजत ठेवलं तर पोकळ्यांतलं पाणी हलत नाही आणि ब्लीच तिथल्या तिथे संपून जातं.

तिसऱ्या दिवशी पाणी चहासारखं झालं होतं आणि वर तपकिरी तवंग होता. ते फेकून पुन्हा ताजं मिश्रण केलं. दुसऱ्या वेळचं पाणी आठवडाभरानंतरही जवळजवळ निवळ राहिलं, तेव्हा थांबले. एका भिजवणीवर समाधान मानू नका, दगड रंग सोडायचं थांबेपर्यंत करा.

मग नळाखाली धुणं, स्वच्छ पाण्यात दोन दिवस पावरहेडसह ठेवणं आणि क्लोरीन मारणं. माशांच्या दुकानात ॲन्टिक्लोरीन म्हणून जे पांढरे खडे मिळतात ते सोडियम थायोसल्फेट असतं, तेच वापरायचं. शेवटी कडक उन्हात पूर्ण वाळवा. मे महिन्यात चार-पाच दिवस पुरले असते. मी हे जुलैत केलं आणि पंख्याखाली तीन आठवडे लागले. दगड तोडून पाहिला तर आतून ओलसर, नाकाशी धरला तर स्विमिंग पूलचा वास. असा दगड टाकीत नेऊ नका. ज्यांना निवड आहे त्यांनी हे काम होळी ते मृग या काळात उरकावं.

ॲसिड लागतं का?

ॲसिडचा उपयोग इतकाच की ते दगडाचा वरचा थर विरघळवतं आणि त्या थराला चिकटलेलं फॉस्फेट थरासकट निघून जातं. प्रमाण साधारण एक भाग हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि दहा भाग पाणी. नेहमी पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. पंधरा-वीस मिनिटं फेस उसळतो, तो शमला की दगड खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवायचे आणि भरपूर धुवायचे. काम लवकर होतं, हे मान्य. तरी फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने हे करू नये असं माझं ठाम मत आहे. धूर खाली-वर शेजाऱ्यांकडे जातो, लादी आणि लोखंडी ग्रिल खराब होते, घरात लहान मुलं-मांजरं असतात. 2013 पासून ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंधही आहेत, दुकानदाराने ओळखपत्र मागितलं तर ते योग्यच आहे. गावी मोकळं अंगण असेल, अनुभवी माणूस सोबत असेल, तरच करा. सायट्रिक ॲसिडचा मार्ग मला पटत नाही. त्यातून होणारं कॅल्शियम सायट्रेट पाण्यात नीट विरघळत नाही आणि दगडावर पांढरं पीठ बसतं.

शिवाय ॲसिड वरवरचं काढतं. खोल पोकळ्यांत जे आहे ते नंतर हळूहळू बाहेर येतच राहतं, म्हणजे पुढची पायरी टळत नाही.

मुरवणं, आणि खरं काम

हौशी मंडळी याला क्युअर करणं म्हणतात. 100 लिटरच्या ड्रममध्ये दगड रचले की पाणी साधारण 70 लिटर बसतं. शून्य टीडीएसच्या पाण्यात टाकीसाठीचं समुद्री मीठ मिसळून घनता 1.025, आत पावरहेड, वर झाकण. अंधार हवाच, कारण उजेड मिळाला की ड्रममध्येच शेवाळ वाढतं आणि आकडे पुन्हा खोटे बोलतात. मुंबई-ठाण्याकडे हीटर फक्त डिसेंबर-जानेवारीत लागतो. पाणी उडालं की भर साध्या आरओच्या पाण्याची घालायची, खाऱ्या पाण्याची नाही, नाहीतर घनता चढत जाते. मीठ महाग म्हणून टाकीतून काढलेलं जुनं पाणी वापरायचं असेल तर आधी त्याचं फॉस्फेट मोजा.

माझ्या ड्रममध्ये आठव्या दिवशी फॉस्फेट 1.1 पीपीएम निघालं. टाकीत जे 0.04 दिसत होतं त्याच्या सत्तावीसपट! ब्लीच करून, धुऊन, वाळवून झाल्यावरचा हा आकडा आहे. तो बघितल्यावर सहा महिने मी चुकीच्या गोष्टीशी झगडत होते हे डोळ्यांसमोर आलं.

इथे लँथेनम क्लोराइड कामाला येतं. ते पाण्यातल्या फॉस्फेटला पकडून न विरघळणारी पांढरी भुकटी बनवतं. हिशेब असा की 1 मिलिग्रॅम फॉस्फेटला साधारण दीड मिलिग्रॅम लँथेनम. 70 लिटरमध्ये 1.1 पीपीएम म्हणजे 77 मिलिग्रॅम फॉस्फेट, त्याला निदान 112 मिलिग्रॅम लँथेनम. प्रत्यक्षात जास्त लागतं, कारण थोडं कार्बोनेटशी जुळून वाया जातं, आणि त्यामुळे केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) थोडा उतरतो. बाटलीवरची तीव्रता बघून मात्रा काढा, ती आरओच्या लिटरभर पाण्यात पातळ करा आणि सलाइनच्या नळीने थेंब थेंब सोडा. पाणी दुधाळ होतं. ते 5 किंवा 10 मायक्रॉनच्या फिल्टर सॉकमधून (गाळायच्या कापडी पिशवीतून) फिरवा, नाहीतर भुकटी दगडाच्या भोकांत जाऊन बसते.

पहिल्या मात्रेनंतर आकडा 0.15 वर आला आणि मला वाटलं झालं. सहा दिवसांनी 0.60. दगडाने आतून आणखी सोडलं होतं. हे होणारच आणि हे व्हायलाच हवं, आपण दगड रिकामा करतोय. दुसऱ्या मात्रेनंतर परत चढून 0.38, तिसऱ्यानंतर 0.21, चौथ्यानंतर आठवडाभराने 0.09. तिथे थांबले. सगळे मिळून सात आठवडे गेले. मात्रा दिल्यानंतरचा आकडा बघून आनंद मानायचा नाही. आठवडाभराने तो कुठे परत चढतो ते बघायचं. दगड तयार आहे की नाही हे तोच आकडा सांगतो.

हे काम ड्रममध्येच करण्याचं कारण, ड्रममध्ये मासे नसतात. लँथेनमच्या गढूळपणाचा काही माशांना, खासकरून टँग जातीच्या माशांना, त्रास होतो.

आकडा टिकला की जिवाणू. बाटलीतले नायट्रिफाइंग जिवाणू आणि अमोनियम क्लोराइडने 2 पीपीएम अमोनिया द्यायचा. चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की दगड टाकीत जाऊ शकतो.

शून्याच्या मागे लागू नका

एकदा फॉस्फेटची धास्ती बसली की माणूस ते पार शून्यावर नेतो. नवीन ड्राय रॉकच्या टाकीत फॉस्फेट आणि नायट्रेट दोन्ही शून्य झाले की डायनोफ्लॅजेलेट्स नावाचे सूक्ष्म जीव येऊ शकतात. तपकिरी, शेंबडासारखा लोंबणारा थर, त्यात हवेचे बुडबुडे, रात्री कमी, दुपारी भरपूर. हिरव्या केसांपेक्षा हे कितीतरी चिवट. फॉस्फेट 0.03 ते 0.10 आणि नायट्रेट 5 ते 10 पीपीएम एवढं राहू द्या. सुरुवातीच्या आठवड्यांत काचेवर, वाळूवर धुळीसारखा तपकिरी थर येतो तो वेगळा, ते डायटम (सूक्ष्म तपकिरी शेवाळ) असतात, बोटाने सहज पुसले जातात. त्यांच्यासाठी काही करू नका.

दगड कुठून आणायचा

आपल्याकडे हा त्रास जास्त होतो त्यालाही कारण आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत 2001 पासून सगळे कठीण प्रवाळ आहेत. आपल्या समुद्रातून लाइव्ह रॉक (जिवंत जीवांसकट काढलेला प्रवाळाचा दगड) काढणं हा गुन्हा आहे आणि तो तसाच असायला हवा. मालवणच्या किनाऱ्यावर पडलेला मेलेल्या प्रवाळाचा तुकडाही पिशवीत घालू नका. मग उरतो जमिनीतून खणून काढलेला परदेशी जीवाश्म रॉक, किंवा कृत्रिम रॉक. दोन्ही महाग, म्हणून एकच दगड तीन-चार घरांतून फिरत राहतो आणि प्रत्येक घरचं फॉस्फेट घेऊन पुढे जातो. घेताना मूळ खरेदीचं बिल मागा, मी मागितलं होतं. आणि किंमत ठरवताना दोन महिन्यांचं मुरवणं, मीठ, लँथेनम धरून हिशेब करा. पुष्कळदा नवा कृत्रिम रॉक तेवढ्यातच पडतो. त्यात जुन्या टाकीतून साठलेलं फॉस्फेट नसतं, फक्त सिमेंटचा असेल तर काही आठवडे साध्या पाण्यात ठेवून पीएच उतरवावा लागतो.

कोकणातली मंडळी जांभ्याबद्दल विचारतात, कारण त्याला भोकं छान असतात. जांभ्यात लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं असतात, चुना नसतो, आणि तो माती सोडतो. नको. शंका आली तर दगडावर व्हिनेगरचे चार थेंब टाका, बुडबुडे आले तरच तो चुन्याचा.

दगड आधीच टाकीत असेल, मासे आत असतील तर

सगळे दगड एकदम काढू नका, जिवाणू त्यांच्यावरच बसलेले असतात. एक तृतीयांश काढा, ड्रममध्ये वरच्यासारखं करा, तोवर बाकीच्यांवर हाताने शेवाळ उपटत राहा आणि रिॲक्टरमध्ये (पाणी फिरत राहणाऱ्या नळकांड्यात) थोडंसं जीएफओ, म्हणजे फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे, फिरवा. उपटलेला प्रत्येक झुबका म्हणजे टाकीबाहेर गेलेलं फॉस्फेट आहे, म्हणून घासून पाण्यात सोडू नका, सायफनने ओढून घ्या. पहिला गट परत टाकून तीन आठवडे अमोनिया शून्य राहिला की दुसरा गट काढा. माझ्या टाकीत शेवटचा गट परत गेला तो फेब्रुवारीत. त्यानंतर फॉस्फेट 0.06 ते 0.08 च्या मध्ये आहे, आणि मागच्या दगडाच्या सावलीच्या बाजूला नखाएवढा जांभळा कोरलाइनचा (दगडावर थर धरणाऱ्या चांगल्या शेवाळाचा) पहिला ठिपका दिसायला लागलाय.